अकरा लाल ठिपके

ता. ४ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस, दादाचे अ. उ. आ.

बाबांचा रेडिओग्राम काल दुपारी सुखरूप पोचला. दोन हमालांनी तो जिन्यावरून असा चढवला की मी तीनदा डोळे मिटले आणि तुझ्या वहिनीने तीनदा माझ्याकडे बघून मान हलवली. लाकूड तुझ्या चष्मेवाल्यांनी एवढं चकचकीत केलंय की त्यात माझं टक्कल दिसतं. याची गरज नव्हती. जागेवर ठेवला, तबकडी लावली, आणि बरीच वर्षं मुका असलेला गडी गाऊ लागला. घूं घूं गेली, खरखर गेली. बाबांनी तो आणला तेव्हा तू पाळण्यात होतीस. तेव्हाही तो इतका स्वच्छ वाजल्याचं मला आठवत नाही. तुझी वहिनी अर्धा तास जागची हलली नाही. भाजी करपली.

आता मुद्द्याचं. मेहुण्यांनी सोबत चिठ्ठी दिली आहे, चष्म्याचा नंबर लिहायच्या कागदावर. त्यात म्हटलंय की आतल्या अकरा कंडेन्सर, म्हणजे त्या बोटाएवढ्या मेणाच्या नळ्या, निकामी झाल्या होत्या, अकराच्या अकरा बदलल्या. वाचून बरं वाटलं. मग सवयीप्रमाणे खात्री करायला बसलो.

हे तुझ्यापुरतं ठेव. चौतीस वर्षं मी कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. दुरुस्तीला गेलेली मोटार परत येते तेव्हा तिच्यातलं तांबं हलकं झालेलं असतं, हे पहिल्याच वर्षी शिकलो. तेव्हापासून माझ्या दाराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर माझी खूण असते. खूण अशी करावी की बघणाऱ्याला ती घाण वाटावी. रेडिओग्राम पाठवण्याआधी मी आतला पत्र्याचा सांगाडा काढून त्या अकराही नळ्यांच्या पोटाखाली मोहरीएवढा लाल ठिपका दिला होता. रंग स्टोअरचाच. निवृत्तीच्या दिवशी ती एवढीच बाटली मी बरोबर आणली, आणि तिची नोंद कुठेही नाही.

काल सांगाडा पुन्हा उलटा केला. अकरा नळ्या जागच्या जागी. अकरा ठिपके जागच्या जागी. सातवा जरा जास्त टवटवीत वाटला, पण तो माझ्या नजरेचा दोष असेल. चष्मा तुझ्याच नवऱ्याने दिलेला आहे.

म्हणजे बदललं काहीच नाही. कुठेतरी सुटलेली एखादी तार जोडली आणि अकरा नळ्यांचं पुण्य पदरात पाडून घेतलं. त्यांनी माझ्याकडून काही घेतलं नाही हे खरं, पण तीच तर अडचण आहे. फुकट काम करणाऱ्याला जाब विचारता येत नाही. आठ महिने ते मागच्या खोलीत नेमकं काय करत होते, जरा लक्ष ठेव. विचारू मात्र नकोस. विचारलं की माणूस सावध होतो.

आशीर्वाद पाठवतो आहे, मोजून घे.

तुझा दादा


ता. ९ फेब्रुवारी

ती. दादास, धाकटीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पहिल्यांदा वाचून हसले, दुसऱ्यांदा वाचून चिडले. धन्य आहे तुझी! लहानपणी तू तुझ्या पेन्सिली चावून ठेवायचास आणि माझ्या हातात पेन्सिल दिसली की दातांच्या खुणा जुळवून बघायचास. माझं तोंडसुद्धा उघडून बघितलं आहेस. आता पाळी माझ्या नवऱ्याची.

अरे, हा माणूस खोटं बोलत नाही. मुळात बोलतच नाही, तर खोटं कधी बोलणार? गिऱ्हाइकाच्या तोंडाला चष्मा शोभत नसेल तर तसं सरळ सांगतात आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. सव्वीस वर्षांत माझ्या नव्या कपड्याला एकदाही छान म्हटलेलं नाही, कारण एकदाही वाटलं नाही म्हणे. असा माणूस अकरा नळ्यांचं खोटं कशाला लिहील? आणि नळ्या आल्या होत्या. डबी टपालाने आली तेव्हा सही मीच केली.

पण तू किडा सोडलास तो सोडलासच. मागची खोली एकेकाळी पाहुण्यांची होती. आता तिथे पाहुणा उभा राहिला तर त्याच्या डोक्यावर स्पीकर पडेल. दुकान बंद करून आले की हे आत, दार लोटलेलं, आणि फटीतून तापलेल्या मेणाचा वास. इतकी वर्षं मी ते दार कधी ढकललं नव्हतं. परवा ढकललं. हे भिंगाखाली काहीतरी धरून बसले होते. मला बघताच ते खणात सारलं. काय आहे म्हणून विचारलं (तुझं सूत्र विसरले), तर म्हणाले, स्क्रू.

स्क्रू लपवतात का रे कुणी?

वहिनीला नमस्कार आणि करपलेल्या भाजीबद्दल अभिनंदन. माझ्यावरची माया नेहमीसारखी राहू दे. यांच्यावरची परत कधी येईल ते कळव.

तुझी धाकटी


ता. १३ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस, अ. उ. आ.

डबीवर सही तू केलीस हे उत्तम झालं. म्हणजे माल आला. यंत्रात लागला नाही. मग घरात शिल्लक असायला हवा. शिल्लक नसेल तर तो तिसरीकडे गेला. कुठे? कुणाच्या घरी कुणाचा रेडिओ या महिन्यात अचानक गोड वाजायला लागला आहे?

तुझी वहिनी म्हणते, वाजतंय ना, मग गप्प बसा. मी म्हणतो, वाजतंय हाच तर संशय. न वाजता तर मी एवढा खोलात गेलोच नसतो.

खण बघ, डबे बघ. खिसे बघ असं मी सांगत नाही, ते तुला सुचेलच. एक मात्र अनुभवाने सांगतो: जो अकरा ठिकाणी खोटं बोलतो तो बाराव्या ठिकाणी अडखळत नाही.

आणि तो स्क्रू होता की नाही ते कळव.

काळजी करू नकोस, ती मी करतोच आहे.

दादा


ता. १९ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

नळी एकही शिल्लक नाही. खण, कपाट, बिस्किटांचे डबे, सगळं उपसलं. शेवटी खिसे.

कोटाच्या आतल्या खिशात नखांना लावायच्या रंगाच्या तीन बाटल्या निघाल्या. तिन्ही लाल आणि तिन्ही वेगळ्या. एक डाळिंबी, एक विटकरी, आणि एक अशी भडक की बघूनच नाक मुरडावं. तिन्ही थोड्या थोड्या वापरलेल्या. माझी नखं तुला माहीत आहेत. भांडी घासणाऱ्या हातावर रंग दुपारपर्यंतही टिकत नाही. एक बाटली असती तर म्हटलं असतं, माझ्यासाठी आणली आणि द्यायला लाजले. तीन बाटल्या एका बाईसाठी कुणी आणत नाही.

चष्मा सैल झालाय असं निमित्त काढून दुकानात गेले आणि तिथल्या मदतनीस बाईची नखं बघून आले. कोरी. समोरच्या औषधवालीची बघितली. कोरी. आता मला रस्त्यात बायकांचे चेहरे दिसेनासे झालेत, नुसती बोटं दिसतात. शेजारीण काल विचारत होती की माझ्या हाताकडे एवढं काय बघता. मी म्हटलं, भाग्यरेषा चांगली आहे. तेव्हापासून ती रोज हात दाखवायला येते.

काल जेवताना सरळ विचारलं, कोटात काय आहे. हे कानापर्यंत लाल झाले, साधारण डाळिंबी आणि विटकरीच्या मधले, आणि म्हणाले की कामाचं आहे, नंतर सांगेन, आधी एका ठिकाणी पत्र लिहायचं आहे. कुणाला, ते सांगत नाहीत. पत्र! या माणसाने लग्न ठरल्यावर मला पत्र लिहिलं नव्हतं, चष्म्याचं कॅलेंडर पाठवलं होतं.

दादा, मला हसू येत नाहीये. रात्रंदिवस एकच विचार: सव्वीस वर्षं मी ज्याला मुखदुर्बळ समजत होते तो नुसता गप्प होता की काय?

मी पाच मार्चला येते. परतीचं तिकीट काढलेलं नाही. ट्रंक भरली आहे. यांना सांगितलंय की वहिनीला बरं नाही, तेव्हा वहिनीला थोडं आजारी पडायला सांग. आणि तुमची मागची खोली रिकामी करून ठेव. किती दिवसांसाठी, ते विचारू नकोस.

माझं म्हणून एक घर अजून उरलंय, एवढं समजून येते.

धाकटी


ता. २० फेब्रुवारी

रा. रा. दादा यांस, स. न. वि. वि.

मी पत्र लिहिणारा माणूस नव्हे, हे आपण जाणता. पण एक अपराध कबूल करायचा आहे आणि तो फोनवर जमेना. दोनदा नंबर फिरवून ठेवून दिला.

आमच्या या छंदात दोन पंथ आहेत. एक पंथ जुनं कापून टाकतो आणि नवं डकवतो. यंत्र वाजतं, पण आत बघितलं की परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं. मी दुसऱ्या पंथातला. जुनी नळी हलकेच ऊन करायची, टोकाचं मेण मऊ झालं की आतला सडलेला गाभा ढकलून काढायचा, त्या पोकळ नळीत आजकालची इवलीशी कंडेन्सर बसवायची आणि त्याच मेणाने तोंड बंद करायचं. आतून नवी, बाहेरून जशीच्या तशी. आपल्या अकराही नळ्या मी अशाच बदलल्या. चिठ्ठीत हे सविस्तर लिहायला हवं होतं, पण कागद लहान होता.

काम करताना एक विलक्षण गोष्ट दिसली. प्रत्येक नळीच्या पोटाखाली एक लाल ठिपका. सहज कुणाला दिसू नये अशा जागी. तीस वर्षं संच उघडतो आहे, असा ठिपका कुठे पाहिला नाही. माझी खात्री आहे की हा मूळ कारखान्यातल्या एखाद्या तपासनिसाचा. एकेक नळी हातात घेऊन, मोजून, पसंत पडली की ठिपका. आपलं काम कुणी कधी बघणार नाही हे ठाऊक असताना इतकी काळजी! त्या अनोळखी माणसाबद्दल मला फार आदर वाटला. दहा ठिपके जिवापाड जपले. सातव्या नळीचा माझ्या हातून मेणाबरोबर निघून आला.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. शेवटी नखांच्या रंगाच्या तीन बाटल्या आणल्या (दुकानातली मुलगी माझ्याकडे कशी बघत होती ते लिहीत नाही) आणि तिन्ही मिसळून नवा ठिपका दिला. तो जमलेला नाही. जास्त झळाळतो. आपली नजर बारीक, आपल्याला दिसलाच असेल, आणि केवळ भिडेपोटी आपण बोलला नाहीत. अजूनही रोज स्क्रूंच्या डोक्यांवर नमुने रंगवतो आहे. छटा जुळली की स्वतः येऊन दुरुस्त करून देईन. घरात सांगितलं नाही, कारण आपल्या भगिनीच्या पोटात गोष्ट राहत नाही, आणि माझी चूक आपल्याला तिच्याकडून कळणं बरं दिसलं नसतं.

आमच्या जुन्या रेडिओवाल्यांच्या मंडळाच्या मासिक पत्रकासाठी या तपासनिसावर मी टिपण लिहिलं आहे. ते वाचून दाखवल्यावर दोन सभासदांनी आपापले संच उघडले. त्यांनाही ठिपके सापडले! एकाचा तपकिरी आहे, पण तो म्हणतो, वयामुळे. टिपण छापायला जाण्यापूर्वी विचारतो: आपल्या वडिलांच्या बोलण्यात त्या तपासनिसाचा कधी उल्लेख आला होता का?

वहिनींना बरं नाही असं कळलं. ही मदतीला येतेच आहे. हवी तितकी ठेवून घ्या. माझी सोय मी बघेन.

चुकीची क्षमा झाली तर कळवावे. न झाली तरी कळवावे, म्हणजे वाट बघणं थांबेल.

आपला चष्मेवाला


ता. २३ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस, अ. उ. आ.

येऊ नकोस. वहिनी ठणठणीत आहे आणि माझ्याशी बोलत नाही, यावरून किती ठणठणीत ते ओळख.

तुझ्या नवऱ्याचं पत्र आलं. ते जिला पत्र लिहिणार होते ती बाई म्हणजे मी. पत्र सोबत पाठवतो, वाच. मी ते वाचून सांगाडा पुन्हा काढला आणि सातव्या नळीकडे बघत बसलो. चौतीस वर्षं खुणा केल्या. लोकांनी त्या पुसल्या, खरवडल्या, एकाने तर चाटून बघितली. खुणेला नमस्कार केलेला हा पहिलाच माणूस.

माझं एक ऐक. त्यांना ठिपक्यांचं सांगू नकोस. असू दे तो तपासनीस. कुणाचं काय बिघडतंय? मी लिहितो की बाबा असं काही बोलल्याचं आठवत नाही, आणि ते अक्षरशः खरं आहे. माझं वय त्रेसष्ट. या वयात मेहुण्यापुढे कान धरून उभं राहायचं म्हणजे कानांनासुद्धा सवय नाही.

तू ट्रंक रिकामी कर. मीही कपाटातली ती लाल बाटली टाकून देतो.

मनात काही ठेवू नकोस. ठेवायची जागा आपल्या दोघांच्याही मनात आता उरलेली नाही.

दादा


ता. २६ फेब्रुवारी

ती. दादास, नमस्कार. बाकीची अक्षरं तू या खेपेला कमावलेली नाहीस.

कुणाचं काय बिघडतंय म्हणतोस? हे टिपण छापलं जाईल, आणि उद्या कुणी शहाणा तो रंग खरवडून बघेल. तीस वर्षं ज्या माणसांत यांच्या शब्दाला वजन आहे तिथे हे हसण्यावारी जातील. तुझे कान वाचावेत म्हणून यांचं नाक कापायचं?

आणि मी! तू दिलेल्या चिमूटभर रंगावर मी माझा संसार ट्रंकेत भरला. मीही कमी नाही. तू काडी दिलीस, सरपण माझंच होतं. पण मी तरी निदान खिसे बघितले. तू आपलेच ठिपके मोजलेस.

यांना स्वतःच्या हाताने लिही. पाच तारखेपर्यंत यांच्या हातात पत्र पडलं नाही तर तिकीट आहेच. मी येईन, पण ती तुझ्याकडे राहायला नव्हे. तुझ्यासमोर बसायला.

धाकटी


ता. २८ फेब्रुवारी

रा. रा. मेहुणे यांस, स. न. वि. वि.

आपण विचारलेल्या तपासनिसाची माहिती खालीलप्रमाणे.

निवृत्त स्टोअरकीपर. वय त्रेसष्ट. टक्कल. मुक्काम माझ्याच घरी. ठिपके त्याने गेल्या जूनमध्ये दिले. नळ्या पसंत पडल्या म्हणून नव्हे, तुम्ही त्या चोराल म्हणून. संच परत आल्यावर त्याने ठिपके मोजले. अकरा भरले, म्हणून तुम्हाला खोटारडं ठरवलं. दहा भरले असते तर चोर ठरवलं असतं. तुमच्यासाठी तिसरा रस्ता त्याने ठेवलाच नव्हता.

टिपण थांबवा. त्या दोन सभासदांच्या ठिपक्यांशी माझा संबंध नाही.

सातव्या ठिपक्याला हात लावू नका. अकरांत तेवढा एकच सरळ मनाने दिलेला आहे. बाकीचे दहा पुसायला मी बसलो होतो, निघत नाहीत.

क्षमा तुम्ही मागितली होतीत. ती मीच मागतो. लोभ होता तेवढा उरला असला तरी पुरे.

आपला दादा


ता. ८ मार्च

ती. दादास, धाकटीचा सा. न. वि. वि. (अक्षरं परत केली.)

तुझं पत्र यांनी दुकानातून आल्यावर उभ्या उभ्याच वाचलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. वाचलं, घडी घातली, चष्मा पुसला आणि म्हणाले, तरीच रंग वयाच्या मानाने ताजा होता. मग खुर्चीत बसून बराच वेळ हसले. आवाज न करता, नुसते खांदे. आणि मग एकदम हसायचे थांबले आणि उठून खोलीत गेले. लागलं असणारच रे. मंडळाला त्याच दिवशी फोन करून टिपण मागे घेतलं. तपकिरी ठिपक्यावाल्याने मात्र ऐकलं नाही. तो म्हणाला, तुमचा तपासनीस खोटा निघाला म्हणून माझा का खोटा? तो आता स्वतःच टिपण लिहितोय.

तुझं तू कबूल करून मोकळा झालास. माझं राहिलं. बाटल्यांवरून मी काय समजले, कुणाकुणाची नखं बघत हिंडले, ते माझ्या ओठांपर्यंत येतं आणि परत जातं. पोटात गोष्ट राहत नाही म्हणणाऱ्यांनी बघावं.

वहिनी बरी झाली, जाणं रद्द, असं यांना सांगितलं होतं, पण ट्रंक तशीच खोलीच्या मधोमध होती. बुधवारी यांनी विचारलं, ही खाली कशी? मी म्हटलं, रिकामीच आहे, हवा लागावी म्हणून काढली. बरं म्हणाले, आणि मी नको म्हणेपर्यंत ती उचलून स्टुलावर चढलेसुद्धा. दादा, तिच्यात माझे सगळे कपडे, आईची शाल, आणि दोन पातेली आहेत. नवऱ्याला सोडताना पातेली कशाला, ते मला विचारू नकोस. यांचे गुडघे वाकले, मानेच्या शिरा वर आल्या, वाटलं आता स्टुलासकट खाली येतात. पण ढकलली माळ्यावर. उतरले, हात झटकले आणि म्हणाले, वय झालं माझं, हल्ली रिकामी ट्रंकही जड लागते. आणि दुकानात निघून गेले.

तेव्हापासून चार दिवस दोन कपड्यांवर काढते आहे. एक अंगावर, एक दोरीवर. यांच्यासमोर ट्रंक उतरवता येत नाही. हे नसताना उतरवावी तर स्टूल मागच्या खोलीत, आणि त्यावर कुणाचातरी अँप्लिफायर आतडी बाहेर काढून पडलेला. त्याला हात लावायची माझी छाती नाही.

आज जेवण झाल्यावर यांनी तो अँप्लिफायर उचलून जमिनीवर ठेवला. जमिनीवर! यंत्र जमिनीवर ठेवायचं नाही, हा यांचा या घरातला सव्वीस वर्षांचा एकमेव नियम. स्टूल आणून माळ्याखाली ठेवलं. एक पाय डुगडुगतो, त्याखाली कागदाची घडी सारली, हाताने दाबून बघितलं, पुन्हा सारली. मग चपला घातल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, दोन तास येणार नाही.

दार हे नेहमी आवाज न करता लावतात. आज असं आपटलं की शेजारीण हात दाखवायचं विसरून बाहेर आली.

पत्र इथेच थांबवते. दोन तासांतली पंधरा मिनिटं तुझ्यावर गेली.

तुझी धाकटी